दोन चित्रांतला टॅलबट

जॉन टॅलबट या इंग्रज सरदाराची दोन जुनी चित्रे माझ्या पाहण्यात आली. पहिले सुमारे १४४५ चे. इंग्लंडची नववधू राणी मार्गारेट हिला तो गुडघे टेकून एक भव्य ग्रंथ अर्पण करीत आहे. मागे पांढरा कुत्रा आहे. त्या जातीच्या कुत्र्यासही टॅलबटच म्हणत. चित्रकाराने नावावर श्लेष साधला आहे. दुसरे चित्र त्याच्या मृत्यूनंतर फ्रेंचांनी काढलेले. त्यात तो घोड्यावरून कोसळत आहे.

टॅलबटची हयात फ्रान्सशी लढण्यात गेली. १४२९ साली पाते येथे तो फ्रेंचांच्या हाती सापडला, सुटून पुन्हा लढला आणि १४४२ साली श्रूजबरीचा अर्ल झाला. पुढे दुसऱ्यांदा कैदेतून सुटताना, फ्रेंच राजाविरुद्ध पुन्हा चिलखत चढविणार नाही, असे वचन त्याने दिले म्हणतात.

१७ जुलै १४५३ रोजी कास्तियों येथे फ्रेंच छावणीतून धुरळा उठला. शत्रू पळतो आहे असे समजून, पासष्टी ओलांडलेला हा वृद्ध मागच्या फौजेची वाट न पाहता तुटून पडला. बाहेर पडली होती ती घोडी आणि बाजारबुणगे. तोफा जागच्या जागी होत्या. बिनचिलखती टॅलबट पडला, पुत्रही पडला.

अंगावर चिलखत नाही, पण लढाई तर केलीच. मग वचन पाळले की मोडले? मला याचा निवाडा करवत नाही. फ्रेंचांनी मात्र तो पडला तेथे त्याच्या स्मरणार्थ प्रार्थनामंदिर उभारले.