‘मी’च्या मुळाचा शोध : भगवान श्रीरमण महर्षी

कार्तिकी पौर्णिमेच्या सायंकाळी आपल्याकडे देवळांपुढील दीपमाळा उजळतात. त्याच सुमारास, तामिळ कार्तिक मासातील कृत्तिका नक्षत्राच्या योगावर, दक्षिणेत तिरुवण्णामलै येथे अरुणाचल पर्वताच्या माथ्यावर तुपाची महाज्योत प्रज्वलित होते. या ज्योतीमागची पुराणकथा भाविकांच्या परिचयाची आहे. ब्रह्मदेव आणि विष्णू यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद लागला. तेव्हा भगवान शंकर आदि-अंत नसलेल्या अग्निस्तंभाच्या रूपाने मध्ये उभे ठाकले. एक देव हंस होऊन वर गेला, दुसरा वराह होऊन खाली उतरला. टोक कोणालाच गवसले नाही. तोच अग्निस्तंभ शांत होऊन अरुणाचल झाला, अशी तेथील श्रद्धा आहे.

देवांचा तो वाद ‘मी मोठा’ या दोन शब्दांचा होता. त्याच पर्वताच्या आश्रयाने ५३ वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या एका महापुरुषाने त्यातला दुसरा शब्द गाळून टाकला आणि आयुष्यभर पहिल्याच शब्दाचा ठाव घेतला. ते महापुरुष म्हणजे भगवान श्रीरमण महर्षी.

महर्षींचा जन्म मदुरै प्रांतातील तिरुचुळी या गावी ३० डिसेंबर १८७९ रोजी, आर्द्रादर्शनाच्या पर्वकाळी झाला. पिता सुंदरम् अय्यर वकिली करीत. मातेचे नाव अळगम्माळ. बाळाचे नाव व्यंकटरमण ठेवले गेले. १८९२ साली पितृछत्र हरपले आणि हा मुलगा मदुरैस काकांच्या घरी राहून इंग्रजी शाळेत शिकू लागला. अभ्यासापेक्षा खेळात आणि कुस्तीत त्याचे मन अधिक रमे. त्याची झोप मात्र विलक्षण गाढ होती. जागेपणी त्याच्या अंगाला हात लावण्याची ज्यांची छाती नव्हती, ते सवंगडी त्याला झोपेतच उचलून नेत, मनसोक्त बदडून काढीत आणि पुन्हा अंथरुणावर आणून ठेवीत. सकाळी त्याला त्याचा पत्ताही नसे.

१८९६ सालच्या जुलै महिन्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी, काकांच्या घराच्या माडीवर तो एकटा बसला असता त्याला अकस्मात मृत्यूच्या भयाने घेरले. प्रकृती निकोप होती, भयाला बाह्य कारण काहीच नव्हते. दुसरा एखादा मुलगा ओरडत खाली धावला असता. याने कोणालाही हाक मारली नाही. मरण येतच आहे तर मरते कोण ते पाहावे, असे ठरवून तो प्रेतासारखा ताठ आडवा झाला. ओठ घट्ट मिटले, श्वास रोखून धरला. आता हा देह निश्चेष्ट आहे, तो स्मशानात जाईल आणि त्याची राख होईल, हे त्याने मनाशी स्पष्ट पाहिले. मग त्याबरोबर ‘मी’ही संपलो काय? त्या क्षणी त्याला उमगले की, देह निपचित पडला तरी ‘मी’चे स्फुरण अखंड चालू आहे. ते देहाचे अंग नव्हे. त्याला मरण शिवू शकत नाही. हा अनुमानाने काढलेला निष्कर्ष नव्हता, प्रत्यक्ष दर्शन होते. मृत्यूचे भय गेले ते कायमचे.

त्यानंतर शाळेचा अभ्यास नीरस झाला. रोज संध्याकाळी तो मीनाक्षीमंदिरात जाऊन मूर्तीपुढे अश्रू ढाळीत उभा राही. २९ ऑगस्ट १८९६ रोजी शिक्षा म्हणून मिळालेले व्याकरणाचे लेखन त्याने बाजूला सारले आणि तो ध्यानस्थ बसला. ते पाहून थोरल्या भावाने टोमणा मारला की, असे ज्याला बसायचे त्याला या साऱ्याचा काय उपयोग! तो शब्द त्याला पटला. भावाच्या फीच्या पाच रुपयांपैकी प्रवासापुरते तीन घेऊन, दोन रुपये आणि एक चिठ्ठी मागे ठेवून त्याने घर सोडले.

ती चिठ्ठी म्हणजे या चरित्राची किल्लीच होय. तिचा आरंभ ‘मी’ या शब्दाने होतो. आपण पित्याच्या आज्ञेने त्याच्या शोधार्थ निघालो आहोत, असे त्यात सांगितले आहे. पुढच्याच वाक्यात ‘मी’ नाहीसा होऊन त्याच्या जागी ‘हे’ येते. शोधावर पैसे खर्चू नयेत, असेही कळविले आहे. शेवटी सहीच्या जागी केवळ एक रेघ आहे. नाव सांगणारा लिहिता लिहिताच मावळला होता. तरीही फी भरलेली नाही, हे भावाला कळवायला लेखणी चुकली नाही.

१ सप्टेंबर १८९६ रोजी तो अरुणाचलेश्वराच्या गाभाऱ्यात उभा राहिला. उरलेले पैसे त्याने तळ्यात टाकले, यज्ञोपवीत उतरविले, मस्तक मुंडविले. सहस्रस्तंभ मंडपाखालील अंधाऱ्या पाताळलिंगाच्या तळघरात किड्यामुंग्यांनी मांड्या फोडल्या तरी त्याची समाधी उतरली नाही. शेवटी लोकांनी उचलून बाहेर आणले.

इकडे आईच्या जिवाचे पाणी होत होते. ठावठिकाणा कळताच १८९८ साली ती येऊन पोहोचली. मळलेला देह, वाढलेल्या जटा, कमरेला लंगोटी, असे मुलाचे रूप पाहून ती माउली दिवसामागून दिवस विनवीत राहिली. मुलगा मौनच होता. लोकांनी आग्रह केला तेव्हा त्याने लिहून दिले की, प्रत्येक जीव ज्याच्या त्याच्या प्रारब्धाप्रमाणे चालविला जातो, होणारे टळत नाही आणि न होणारे घडत नाही. आई रडत परत गेली. देहाचा ‘मी’ गळाला म्हणजे माया-ममताही आटते काय, असा प्रश्न येथे कोणाही संसारी माणसाच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर पुढील चरित्रात आहे.

विरूपाक्ष गुहेत असताना, १९०२ च्या सुमारास, शिवप्रकाशम् पिळ्ळै या गृहस्थांनी ‘मी कोण’ हाच प्रश्न त्यांना विचारला. स्वामींनी उत्तरे लिहूनच दिली. पुढे त्यांतूनच ‘नान् यार्’ हे लहानसे पुस्तक सिद्ध झाले. त्यांचा विचार साधा आहे. बालपणीचा देह आज नाही, मन तर क्षणाक्षणाला पालटते, तरी तोच मी असे आपण म्हणतो. गाढ झोपेत देह आणि मन या दोहोंचे भान नसते, पण उठल्यावर मी सुखाने झोपलो असे आपणच सांगतो. तेव्हा या सर्वांत न बदलणारा तो कोण? विचार उठला की तो कोणाला उठला, हे पाहावे. मला, असे उत्तर येते. मग हा ‘मी’ कोठून उगवतो, त्या उगमाकडे दृष्टी वळवावी. हा प्रश्न जपासारखा घोकायचा नसून त्याच्या मागोमाग आत उतरायचे असते. अन्य सर्व विचारांना जाळून हा विचारही अखेर स्वतः जळून जातो.

१९०७ साली प्रकांड संस्कृत पंडित काव्यकंठ गणपतिशास्त्री त्यांना शरण आले. जप, तप, शास्त्र सर्व करूनही तपाचे स्वरूप कळत नाही, अशी त्यांची व्यथा होती. मार्गदर्शन लाभताच त्यांनीच या तरुण स्वामींना भगवान रमण महर्षी हे नाव दिले. ग्रंथांत ज्याचे वर्णन वाचले ते समोर बसलेले पाहून पांडित्याने मस्तक नमविले. आम्हा पोथी सांगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

आता आईकडे वळू. १९१४ साली मुलाच्या भेटीस आलेली आई ज्वराने अत्यवस्थ झाली, तेव्हा महर्षींनी तिची शुश्रूषा केली आणि तिच्यासाठी अरुणाचलाची प्रार्थना करणारी पद्ये रचली. १९१६ पासून ती त्यांच्यापाशीच राहिली आणि आश्रमीयांसाठी रांधू लागली. १९ मे १९२२ हा तिचा अखेरचा दिवस. महर्षी दिवसभर तिच्यापाशी बसून होते. एक हात तिच्या हृदयावर, दुसरा मस्तकावर. रात्री प्राण शांत होईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही. तिच्या समाधीभोवतीच आजचा रमणाश्रम उभा राहिला. ममता आटली नव्हती, ‘माझी’ हे तिचे कुंपण तेवढे पडले होते.

महर्षींनी संन्यासदीक्षा घेतली नाही आणि कोणाला घर सोडायलाही सांगितले नाही. सोडायचा तो कर्तेपणाचा ‘मी’, हेच त्यांचे सांगणे होते. १९४९ साली डाव्या हातावरील दुर्धर अर्बुदावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, तरी दर्शनाला येणाऱ्यांसाठी दार उघडेच राहिले. शोकाकुल भक्तांना ते समजावीत की, देहालाच मी समजता म्हणून दुःख होते, आपल्याला जायला जागाच कोठे आहे? १४ एप्रिल १९५० रोजी रात्री भक्त अरुणाचलाचे स्तवन गात असता त्यांचा श्वास थांबला. सोळाव्या वर्षी माडीवर पाहिलेले सत्य सत्तराव्या वर्षी तसूभरही पालटलेले नव्हते.

आज दीपमाळेवर वात लावताना क्षणभर थांबावे. ही ज्योत मी लावली, असे मनात येईलच. तो लावणारा ‘मी’ कोण, एवढे एकदा आत वळून पाहिले, तरी पौर्णिमेचा दीप खऱ्या अर्थाने उजळला.