जेम्स वॅट : पेटंटचा आधार आणि अडसर

किटलीच्या हलणाऱ्या झाकणाची गोष्ट शाळेतच कानावर पडते आणि वाफेचे इंजिन जेम्स वॅट यांनीच शोधले, असा समज मनात पक्का होतो. वस्तुतः थॉमस न्यूकमेन यांचे इंजिन १७१२ पासूनच इंग्लंडमधील खाणींचे पाणी उपसत होते. वॅट यांनी त्या इंजिनाची कोळशाची भूक कमी केली. त्यांचा हा शोध कारखान्यापर्यंत पोहोचला तो मात्र पेटंटच्या बळावर.

स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे १९ जानेवारी १७३६ रोजी जन्मलेले वॅट ग्लासगो विद्यापीठात उपकरणे बनविण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करीत. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकमेन इंजिनाची एक प्रतिकृती त्यांच्याकडे दुरुस्तीला आली. दट्ट्याच्या प्रत्येक फेरीत एकच सिलिंडर तापवायचा आणि पुन्हा थंड करायचा, यातच बहुतेक उष्णता वाया जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची कल्पना त्यांना १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट मिळाले.

परंतु कल्पनेने पोट भरत नाही. त्यांचे भागीदार जॉन रोबक कर्जबाजारी झाले. वॅट यांना कालव्यांच्या मोजणीची कामे करावी लागली. पुढे बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी रोबक यांचा हिस्सा घेतला. पेटंटची मुदत १४ वर्षांची होती आणि त्यातील बरीच वर्षे हाती काही न लागता सरली होती. अखेर १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून ही मुदत १८०० पर्यंत वाढविली, तेव्हा बोल्टन यांचे भांडवल निर्धास्त झाले. नवे इंजिन वापरणाऱ्या खाणमालकाने वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग द्यावा, अशी त्यांची आकारणी होती. कोळसा समुद्रमार्गे आणावा लागणाऱ्या कॉर्नवॉलमध्ये ही बचत मोलाची होती. पुढे मात्र याच आकारणीवरून खाणमालक कुरकुरू लागले.

पेटंटची दुसरी बाजूही वॅट यांच्या वाट्याला आली. इंजिनाने चाक फिरविण्यासाठी दांड्याची साधी भुजा पुरेशी होती. पण जेम्स पिकार्ड यांनी १७८० मध्ये तिच्या अशा वापराचे पेटंट घेतले. मग वॅट यांना दंतचक्रांची वेगळी रचना योजावी लागली. तरीही स्वतःच्या हक्काबाबत ते तसूभर हटले नाहीत. जोनाथन हॉर्नब्लोअर यांच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाची वाट त्यांच्या पेटंटने अडविली. उच्च दाबाची वाफ त्यांना धोकादायक वाटे.

१८०० मध्ये पेटंट संपले. रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचे उच्च दाबाचे इंजिन १८०४ मध्ये रुळांवरून धावले. कॉर्नवॉलमध्ये १८११ पासून प्रत्येक इंजिनाच्या कामगिरीचे मासिक अहवाल छापले जाऊ लागले. अभियंते एकमेकांच्या सुधारणा उचलू लागले आणि इंधनाची बचत वाढत गेली. वॅट यांच्या पेटंटमुळे औद्योगिक क्रांतीला गती मिळाली की ती लांबली, यावर अर्थशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी वॅट यांचे निधन झाले. शक्तीच्या एककाला त्यांचे नाव मिळाले. पेटंटविना बोल्टन यांनी पैसा घातला नसता, हे जितके खरे, तितकेच ३१ वर्षांची मक्तेदारी इतरांना जाचक ठरली, हेही खरे. आज बहुतेक देशांत पेटंटची मुदत २० वर्षांची आहे. संशोधकाचा मोबदला कुठे संपावा आणि समाजाचा हक्क कुठे सुरू व्हावा, हा वॅट यांच्या काळातला प्रश्न मात्र सुटलेला नाही.