जमनालाल बजाज : जन्मभूमीतच प्रवेशबंदी झालेले शेठजी

२९ डिसेंबर १९३८ रोजी सवाई माधोपूर रेल्वे स्थानकावर जयपूर संस्थानाच्या पोलिसांनी एका प्रवाशाच्या हाती दरबारचा हुकूम ठेवला. त्यांच्या आगमनाने संस्थानातील शांततेचा भंग होण्याचा संभव असल्याने त्यांना प्रवेशास मनाई करण्यात आली होती. हे प्रवासी म्हणजे वर्ध्याचे व्यापारी, काँग्रेसचे खजिनदार आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी शेठ जमनालाल बजाज. शेखावाटीतील दुष्काळग्रस्तांच्या मदतकार्यासाठी ते निघाले होते. ज्या राज्यात त्यांना परके ठरवण्यात आले, त्याच राज्यात त्यांचा जन्म झाला होता.

सीकरहून वर्ध्याला

जमनालाल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात एका सामान्य मारवाडी कुटुंबात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना बालपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. तेव्हापासून वर्धा हीच त्यांची कर्मभूमी झाली. सतराव्या वर्षी आजोबांनी संपत्तीवरून बोल लावताच त्यांनी सर्व मालमत्तेवरील हक्क सोडत असल्याचे पत्र लिहून घर सोडले. आजोबांनी समजूत काढल्यावर ते परतले. मात्र संपत्तीचे आपण मालक नसून विश्वस्त आहोत, ही भावना त्यांच्या मनात कायमची रुजली.

सरकारदरबारी त्यांची प्रतिष्ठा मोठी होती. १९०८ मध्ये ते मानद दंडाधिकारी झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना रायबहादूर ही पदवी मिळाली. डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. आपल्याला पाचवा पुत्र मानावे, अशी विनंती त्यांनी याच सुमारास गांधीजींना केली. असहकाराच्या चळवळीत त्यांनी पदवी परत केली. १९२१ मध्ये विनोबा भावे यांच्या मार्गदर्शनाखाली वर्ध्यात सत्याग्रहाश्रम सुरू झाला, त्यामागे जमनालालजींचाच पुढाकार होता. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुले केले. त्यासाठी त्यांना सनातनी मंडळींचा रोष पत्करावा लागला.

दुहेरी सत्तेखालील प्रजा

ब्रिटिश मुलखातील कायदे कितीही जाचक असले, तरी तेथे न्यायालये, वृत्तपत्रे आणि १९३७ नंतर निवडून आलेली प्रांतिक मंत्रिमंडळे होती. संस्थानी प्रजेला यांपैकी फारसे काही लाभलेले नव्हते. जयपूरने १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला, तेव्हापासून संस्थानाचे बाह्य संबंध आणि संरक्षण इंग्रजांच्या हाती होते. महाराजा सवाई मानसिंह यांना १९३१ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. तरीही पंतप्रधानपदावर सर बोशां सेंट जॉन हे इंग्रज अधिकारी होते. प्रजेने तक्रार महाराजांकडे करावी की सार्वभौम सत्तेकडे, हा प्रश्न त्यामुळे नेहमीच अनुत्तरित राही.

या परिस्थितीत १९३१ मध्ये कपूरचंद पाटणी यांच्या प्रयत्नाने जयपूर राज्य प्रजामंडळ स्थापन झाले. १९३६ नंतर हिरालाल शास्त्री आदींनी त्यात नवे चैतन्य आणले. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने संस्थानांतील लढे तेथील प्रजेनेच आपल्या संघटनांमार्फत लढवावेत, असे धोरण ठरवले. त्यामुळे संस्थानात जन्मलेल्या आणि राष्ट्रीय पातळीवर मान असलेल्या जमनालालजींकडे अनेकांचे लक्ष लागले. मे १९३८ मध्ये जयपुरात झालेल्या प्रजामंडळाच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले.

महाराजांच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती हे प्रजामंडळाचे ध्येय होते. राजाला पदच्युत करण्याची भाषा जमनालालजींनी कधीही केली नाही. त्याच वर्षी सीकरचे रावराजा आणि जयपूर दरबार यांच्यातील वाद विकोपाला जाऊन गोळीबार झाला, तेव्हा त्यांनी मध्यस्थाची भूमिका बजावली. तरीही दरबाराला त्यांची वाढती लोकप्रियता धोक्याची वाटली.

दोनदा हद्दीबाहेर, तिसऱ्यांदा स्थानबद्ध

सवाई माधोपूर येथे हुकूम मिळाल्यावर जमनालालजींनी तो तत्काळ मोडला नाही. गांधीजींच्या सल्ल्याने ते परत फिरले आणि दरबाराला फेरविचारासाठी अवधी देण्यात आला. दरबाराचे उत्तर अधिक कठोर होते. जानेवारी १९३९ मध्ये प्रजामंडळच बेकायदा ठरवण्यात आले. संस्थेची नोंदणी सक्तीची करणारा नियम त्यासाठी पुढे करण्यात आला.

आता प्रश्न जबाबदार राज्यपद्धतीपुरता उरला नाही. संघटना स्थापन करणे, सभा घेणे आणि अहिंसक मार्गाने लोकशिक्षण करणे हे प्रजेचे हक्क आहेत की राजाची मेहेरबानी, हा खरा मुद्दा होता. गांधीजींनी जयपूरचा लढा जाणीवपूर्वक नागरी स्वातंत्र्याच्या या मर्यादित मागणीवर उभा केला.

१ फेब्रुवारी १९३९ रोजी जमनालालजींनी हुकूम मोडून संस्थानात प्रवेश केला. पोलिसांनी त्यांना अटक करून मोटारीतून हद्दीबाहेर नेऊन सोडले. काही दिवसांनी ते पुन्हा आले आणि पुन्हा तोच प्रकार घडला. तिसऱ्या वेळी मात्र दरबाराने त्यांना पकडून मोरांसागर या एकाकी ठिकाणी स्थानबद्ध केले. त्यांच्यावर कोणताही खटला चालवण्यात आला नाही. हिरालाल शास्त्री, कपूरचंद पाटणी यांच्यासह अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. सत्याग्रहींच्या तुकड्यांत स्त्रियाही सामील झाल्या.

मार्च महिन्यात गांधीजींनी सत्याग्रह स्थगित केला. राजकोटचा लढाही याच सुमारास सुरू होता आणि संस्थानी प्रश्नावर सामोपचाराची वाट शोधावी, असे त्यांना वाटत होते. तुरुंगात गेलेल्या अनेकांना हा निर्णय रुचणे कठीण होते. आंदोलन थांबले, तरी जमनालालजींची सुटका झाली नाही. गुडघ्याच्या दुखण्याने ते त्रस्त होते. पुढे त्यांना जयपूरजवळच्या कर्णावतों का बाग येथे हलवण्यात आले. अखेर ऑगस्ट १९३९ मध्ये ते मुक्त झाले. बोलणी होऊन १९४० मध्ये प्रजामंडळाची नोंदणी झाली आणि संघटनेला काम करण्याची मोकळीक मिळाली. जबाबदार राज्यपद्धती मात्र दूरच राहिली.

युद्धाला विरोध

सुटकेनंतर महिनाभरातच दुसरे महायुद्ध सुरू झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांचा वा विधिमंडळाचा सल्ला न घेता हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. भारत संरक्षण कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले. या धोरणाविरुद्ध काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे बाहेर पडली.

देशाला युद्धात लोटण्याच्या निर्णयावर उघडपणे टीका करण्याचे स्वातंत्र्य नागरिकाला आहे, हे ठसवण्यासाठी १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिले सत्याग्रही विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळच्या पवनार येथे युद्धविरोधी भाषण केले. पवनारला धाम नदीकाठी जमनालालजींच्याच बंगल्यात विनोबांचे वास्तव्य होते. त्याच वर्षाच्या अखेरीस जमनालालजी स्वतः सत्याग्रही म्हणून कैदेत गेले. युद्धकाळ हा व्यापाऱ्यांसाठी मोठ्या नफ्याचा काळ होता. साखर कारखान्यासह अनेक उद्योगांशी संबंध असलेल्या या उद्योगपतीने त्या काळाचा काही भाग नागपूरच्या तुरुंगात घालवला. प्रकृती ढासळल्याने १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली.

उर्वरित आयुष्य त्यांनी गोसेवेला वाहिले आणि वर्ध्याजवळ गोपुरी येथे साधी झोपडी बांधून ते राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे वर्ध्यात निधन झाले. त्या वेळी ते अवघे ५२ वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी जानकीदेवी यांनी गोसेवेचे आणि पुढे भूदानाचे कार्य चालू ठेवले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण किताब मिळाला.

लढ्याचे फलित

सहा महिन्यांनी छोडो भारत आंदोलन सुरू झाले, तेव्हा जयपुरात निराळेच चित्र दिसले. हिरालाल शास्त्री यांनी संस्थानाचे तत्कालीन पंतप्रधान मिर्झा इस्माईल यांच्याशी समझोता करून प्रजामंडळाला संघर्षापासून दूर ठेवले. हे मान्य नसलेल्या बाबा हरिश्चंद्र आदी कार्यकर्त्यांनी आझाद मोर्चा स्थापन करून स्वतंत्रपणे लढा दिला. मिळवलेली मोकळीक राखावी की ती पणाला लावावी, यावर जमनालालजींच्या सहकाऱ्यांतच फूट पडली होती.

३० मार्च १९४९ रोजी बृहद् राजस्थानचे उद्घाटन जयपुरात झाले आणि १९३९ चे कैदी हिरालाल शास्त्री त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषण, शांततामय सभा, संघटना आणि देशभर संचार यांचे स्वातंत्र्य नागरिकांचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केले. जयपूर दरबाराने जमनालालजींना नाकारले होते ते हेच हक्क होत. त्याच राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने खटल्याशिवाय प्रतिबंधक स्थानबद्धतेची तरतूदही काही अटींसह कायम ठेवली आहे. मोरांसागरच्या कैद्याने अनुभवलेला हा प्रश्न त्यामुळे आजही अभ्यासकांच्या आणि न्यायालयांच्या विचाराचा विषय आहे.