रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

स्नेहमेळाव्याची तारीख ठरवताना आपल्या ग्रुपवर पंधरा दिवस चर्चा चालली. शेवटी सगळ्यांना जमणारा एकच वार निघाला, रविवार! स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिही असे सांगितले गेले, तेव्हा मला म्हणूनच नारायण मेघाजी लोखंडे आठवले. इतिहासाच्या तासाला त्यांचे नाव एका ओळीत येऊन जायचे. त्या ओळीमागचे आयुष्य मी फार उशिरा वाचले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्याचा. बेताच्या परिस्थितीमुळे मॅट्रिकपर्यंतच शिक्षण झाले. काही काळ सरकारी नोकरी करून ते मुंबईतील मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल रोज पाहिले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुट्टी नाही, पगार वेळेवर नाही. १८८१ चा फॅक्टरी कायदा होता, पण तो मुलांपुरता. सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवायची मुभाही त्यातच होती.

लोखंडे महात्मा फुले यांचे अनुयायी. कृष्णराव भालेकर यांनी सुरू केलेले 'दीनबंधु' १८८० मध्ये त्यांनी हाती घेतले आणि गिरणीतली गाऱ्हाणी त्यातून मांडली. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पगार. याच काळात 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी राहिली.

तिला ना वर्गणी होती, ना नोंदवलेले सभासद. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हतीच, असे अभ्यासक म्हणतात, आणि ते खरे आहे. तरीही लोखंडे यांनी सहा वर्षे पाठपुरावा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कायद्यानेही आठवड्याची सुट्टी दिली. पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र १९११ पर्यंत मर्यादा नव्हती.

त्यांचे काम गिरणीच्या फाटकापाशी थांबले नाही. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी मुंबईतल्या नाभिकांची सभा घेतली, आणि असे काम करणार नाही असे त्यांच्याकडूनच ठरवून घेतले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर राणीच्या बागेत एकोप्याची मोठी सभा भरवली. शहरात प्लेग आला तेव्हा रुग्णांसाठी झटताना त्यांनाच लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले.

हे वाचून मला सर्वात जास्त टोचले ते माझेच वागणे. सॉफ्टवेअरच्या कामात रविवारी लॅपटॉप उघडणे मला कधी जुलूम वाटलेच नाही. टीमची प्रमुख झाल्यावर मीच रविवारी दुपारी मुलांना मेसेज टाकू लागले, 'जरा बघता का?' म्हणून. जे मिळवायला लोखंडे यांना सहा वर्षे लागली, ते मी दुसऱ्यांच्या वाट्याचे सहज काढून घेत होते. आता तो मेसेज मी सोमवारी सकाळी पाठवते. एवढे साधे, पण सवय मोडायला वेळ लागला.

आपण भेटू त्या रविवारी फोन पिशवीतच राहू द्या. इतिहास शिकवणाऱ्या आपल्या बाई आणि सरांनाही तेवढे बरे वाटेल.