निकोलाय आंद्रुसोव्ह

निकोलाय इवानोविच आंद्रुसोव्ह (१९ डिसेंबर १८६१, ओडेसा – २७ एप्रिल १९२४, प्राग) हे रशियन भूशास्त्रज्ञ आणि पुराजीवशास्त्रज्ञ होते. काळ्या समुद्राच्या खोल पाण्यात प्राणवायू नसून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू विरघळलेला आहे, हे १८९० साली उघडकीस आणणाऱ्या मोहिमेचे ते प्रवर्तक होते. या शोधामुळे प्राचीन काळ्या शेल खडकांचा अर्थ लावण्यासाठी भूशास्त्राला एक जिवंत उदाहरण मिळाले. प्राणवायू नाहीसा झालेल्या प्राचीन समुद्रांच्या अभ्यासाचे एक मूळ या मोहिमेत आहे.

प्रारंभिक जीवन

आंद्रुसोव्ह यांचा जन्म ओडेसा येथे झाला; बालपण व शालेय शिक्षण मात्र क्रिमियाच्या पूर्व टोकावरील केर्च या बंदरात झाले. केर्चच्या परिसरात मायोसीन व प्लायोसीन काळातील चुनखडक आणि चिकणमातीचे थर उघडे पडलेले असून त्यांत शिंपल्यांचे जीवाश्म विपुल आहेत. या थरांचा अभ्यास पुढे त्यांनी आयुष्यभर केला. ओडेसा येथील विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन ते १८८४ मध्ये पदवीधर झाले. त्यांच्या पत्नी नादेझ्दा या ट्रॉयच्या उत्खननामुळे प्रसिद्ध असलेले हाइनरिश श्लीमान यांच्या कन्या होत.

काळ्या समुद्राची मोहीम

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काळ्या समुद्राच्या तळाविषयी फारच थोडी माहिती उपलब्ध होती. या समुद्राची खोली पद्धतशीरपणे मोजावी व तळाचे नमुने गोळा करावेत, असा आग्रह आंद्रुसोव्ह यांनी रशियन निसर्गशास्त्रज्ञांच्या परिषदेत धरला. त्यानुसार १८९० च्या उन्हाळ्यात 'चेर्नोमोरेट्स' या नौदलाच्या जहाजावरून मोहीम निघाली. योसिफ स्पिंडलर आणि फर्डिनांड रँगल यांच्याकडे सागरी मोजमापांचे काम होते, तर आंद्रुसोव्ह भूशास्त्रज्ञ म्हणून सहभागी झाले.

सुमारे २०० मीटरपेक्षा खोलवरून आणलेल्या पाण्याला व गाळाला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येत होता. तो हायड्रोजन सल्फाइडचा होता. वरच्या थरात मासे व इतर सजीव भरपूर असताना खाली मात्र प्राणवायूवर जगणारा एकही प्राणी सापडला नाही. सुमारे २,२०० मीटर कमाल खोली असलेल्या या समुद्रातील बहुतांश पाणी प्राणवायूविरहित असल्याचे पुढील मोजमापांतून सिद्ध झाले.

या स्थितीचे कारण पाण्याच्या थरांत आहे. डॅन्यूब, नीपर इत्यादी नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे पृष्ठभागाची लवणता दर हजारी सुमारे १८ इतकी कमी राहते. बॉस्पोरस सामुद्रधुनीतून तळाशी शिरणारे भूमध्य समुद्राचे पाणी अधिक खारट व जड असते. हलके पाणी वर आणि जड पाणी खाली राहत असल्याने दोन्ही थर सहजासहजी मिसळत नाहीत व हवेतील प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. वरून पडणाऱ्या मृत जीवांच्या विघटनात तळाकडील प्राणवायू संपतो. त्यानंतर जीवाणू सल्फेटचा वापर करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो.

वायूच्या उगमाविषयीचे मत

मोहिमेत खोल तळावरून ड्राइसेना इत्यादी निमखाऱ्या पाण्यातील शिंपल्यांची जुनी कवचे मिळाली. हे प्राणी तेवढ्या खोलीवर आज जगू शकत नाहीत. त्यावरून काळा समुद्र नजीकच्या भूतकाळात कॅस्पियनसारखा निमखाऱ्या पाण्याचा जलाशय होता, असा निष्कर्ष आंद्रुसोव्ह यांनी काढला. बॉस्पोरसमार्गे खारे पाणी आत शिरल्यावर जुने प्राणी मोठ्या संख्येने मेले व त्यांच्या कुजण्यातून वायू निर्माण झाला, असे स्पष्टीकरण त्यांनी आरंभी मांडले. १८९१ च्या मोहिमेतील रसायनशास्त्रज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी गाळातील जीवाणूंवर प्रयोग करून हा वायू आजही तयार होत असल्याचे दाखवले. एका प्राचीन संहाराचा तो अवशेष नसून चालू असलेली प्रक्रिया आहे, हे यातून स्पष्ट झाले. भूशास्त्राच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा होता. कारण चालू प्रक्रियेची तुलना कोणत्याही काळातील खडकांशी करता येते.

प्राचीन खडकांशी संबंध

जगात अनेक ठिकाणी काळ्या, पातळ पापुद्र्यांच्या शेल खडकांचे थर आढळतात. त्यांत सेंद्रिय कार्बन व पायराइट हे लोहाचे सल्फाइड भरपूर असते. सामान्य समुद्रतळावर कृमी व इतर प्राणी गाळ उकरतात, त्यामुळे पापुद्रे विस्कटतात; या खडकांत मात्र ते अखंड राहिलेले असतात. जर्मन भूशास्त्रज्ञ योझेफ पोम्पेकी यांनी १९०१ मध्ये जर्मनीतील जुरासिक काळच्या पोसिडोनिया शेलची तुलना काळ्या समुद्राशी केली. त्या शेलमध्ये मासे व इक्थिओसॉर यांचे सांगाडे अखंड सापडतात, कारण तळाशी मृतदेह खाऊन विस्कटणारे प्राणी नव्हते. काळ्या समुद्राच्या पाँटस युक्झाइनस या प्राचीन नावावरून अशा गंधकयुक्त स्थितीला युक्झिनिक हे विशेषण रूढ झाले.

सुमारे १८.३ कोटी व ९.४ कोटी वर्षांपूर्वी असे थर दूरदूरच्या प्रदेशांत जवळपास एकाच काळात साचले. १९७६ मध्ये सेमूर श्लांगर व ह्यू जेंकिन्स यांनी क्रिटेशस काळातील अशा थरांवरून महासागरी प्राणवायूऱ्हासाच्या घटनांची संकल्पना मांडली. काळा समुद्र हा भूवेष्टित जलाशय असल्याने खुल्या महासागराला हे उदाहरण पूर्णपणे लागू पडत नाही. अरबी समुद्रासारख्या खुल्या समुद्रातही मध्यम खोलीवर प्राणवायूचा तीव्र तुटवडा असतो, त्यामुळे अभ्यासक दोन्ही प्रकारांचा विचार करतात. पापुद्र्यांबरोबरच पायराइटच्या कणांचा आकार व मॉलिब्डेनमचे प्रमाण हेही आता पुरावे मानले जातात.

इतर कार्य

आंद्रुसोव्ह यांनी १८९४ मध्ये मार्मारा समुद्राच्या, तर १८९७ मध्ये कॅस्पियनलगतच्या कारा-बोगाझ आखाताच्या मोहिमेत भाग घेतला. त्या आखाताच्या तळाशी ग्लॉबर क्षाराचा साठा असल्याचे आढळले. १८९७ मध्येच ड्राइसेना कुळातील जीवाश्म व सजीव शिंपल्यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काळा समुद्र व कॅस्पियन यांच्या परिसरातील थरांची कालक्रमवारी त्यांनी लावली. मायोसीन काळातील मिओशियन हा स्तरकाल त्यांनीच सुचवला. अझोव्ह समुद्राच्या मिओटिस या प्राचीन नावावरून हे नाव घेतले आहे. ते युर्येव्ह (सध्याचे एस्टोनियातील तार्तू) व नंतर कीव येथे प्राध्यापक होते. १९१४ मध्ये ते सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीचे सदस्य झाले.

अखेरची वर्षे

क्रांतीनंतरच्या यादवीत आंद्रुसोव्ह क्रिमियात परतले व सिंफेरोपोल येथील नव्या विद्यापीठात शिकवू लागले. तेथेच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९२० मध्ये कुटुंबासह देश सोडून ते पॅरिसला व १९२२ मध्ये प्रागला गेले. ज्या थरांवर त्यांचे सारे संशोधन उभे होते, तो प्रदेश त्यांना पुन्हा पाहता आला नाही. प्रागमध्येच १९२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र दिमित्री हेही भूशास्त्रज्ञ झाले व स्लोव्हाकियातील कार्पेथियन पर्वतांच्या अभ्यासासाठी ओळखले जातात.