घराघरातल्या तुकोबांचा चेहरा : विष्णुपंत पागनीस

बारामती/इंदापूर : आषाढी वारीत तुकोबांची पालखी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडी आणि इंदापूरला गोल रिंगण, पुढं सराटीचा मुक्काम आणि मग नीरा ओलांडून अकलूज. या वाटेवर तुकोबांची तसबीर नाही असं घर शोधूनच काढावं लागेल.

तुकोबांच्या काळी कॅमेरा नव्हता. मग कॅलेंडरवर, तसबिरीत दिसणारा तो शांत, डोळे मिटलेला, हातात वीणा घेतलेला चेहरा आला कुठून? बऱ्याच तसबिरींमागं एका नटाचं रूप आहे. त्यांचं नाव विष्णुपंत पागनीस.

पागनीसांचा जन्म १ नोव्हेंबर १८९२ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीचा. लहानपणीच ते नाटक कंपनीत गेले. त्या काळी बायका रंगभूमीवर येत नसत, पुरुषच लुगडं नेसून स्त्रीचं काम करायचे. गळा गोड आणि अंगकाठी नाजूक, त्यामुळं पागनीसांच्या वाट्याला स्त्री-भूमिका आल्या. पुढं भजन गाणारे म्हणूनही त्यांचं नाव झालं.

इकडं प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथंच प्रभातचा स्टुडिओ होता. विष्णुपंत दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल यांनी तुकोबांवर चित्रपट काढायचं ठरवलं. मुख्य भूमिकेसाठी पागनीसांचं नाव निघालं तेव्हा काहींना शंका आली, असं सांगतात. आयुष्यभर बाईचं काम केलेला माणूस देहूचा वाणी कसा दिसणार?

पण झालं उलटंच. चालण्या-बोलण्यातला तो मऊपणाच तुकोबांना शोभला. पागनीस पडद्यावर मोठ्यानं बोलत नाहीत, हातवारे करत नाहीत. बायको चिडते तरी ते हसून ऐकून घेतात. जिजाईचं काम गौरी नावाच्या बाईंनी केलं. पोर आजारी पडल्यावर विठोबावर चप्पल उगारणारी ती जिजाई आपल्याच आळीतली वाटते. नवरा वैकुंठाला चल म्हणतो, तर ही पोराबाळांचं घर सोडून जात नाही. भक्ती आणि प्रपंच, दोन्ही बाजू चित्रपटात खऱ्या आहेत. चित्रपटातलं बी आणि झाडावरचं एक पद शांताराम आठवले यांनी लिहिलं, पण कित्येकांना ते तुकोबांचाच अभंग वाटला.

'संत तुकाराम' डिसेंबर १९३६ मध्ये लागला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तंबूतल्या टॉकीजमधून तो खेडोपाडीही पोचला. लोक चपला काढून बसायचे, पडद्याला हात जोडायचे. पागनीस समोर दिसले की लोक त्यांच्याच पाया पडायचे.

पुढं पागनीसांनी तुलसीदास, नरसी मेहता असे संतच रंगवले. दुसऱ्या कुठल्या भूमिकेत लोकांना ते बघवलेही नसते. ३ ऑक्टोबर १९४३ ला ते गेले. वय अवघं पन्नास. नाव विसरलं गेलं, चेहरा मात्र राहिला.

हे आज सांगायचं कारण असं. हा चित्रपट आता मोबाईलवर फुकट बघायला मिळतो. पण बघतो कोण? आणि बघितला तरी एकटा, कानात वायर घालून. पागनीसांचं काम कीर्तनासारखं आहे, चार माणसांत बसूनच ते चढतं. परदेशात काही ठिकाणी चर्चच्या हॉलमध्ये गावकऱ्यांना जुने चित्रपट फुकट दाखवतात. आपल्याकडं तर प्रत्येक गावात मंदिराचा सभामंडप आहे, हरिनाम सप्ताहाचा स्पीकर आहे. पांढरं धोतर ताणून बांधायचं आणि एक प्रोजेक्टर मागून आणायचा. चित्रपट दोन तासांच्या थोडा वर आहे. तेवढी रात्री लाईट टिकली म्हणजे झालं.

ज्या आजीला मोबाईल चालवता येत नाही, तिला हा चित्रपट दाखवायचा तर दुसरी वाट नाही. तिनं लहानपणी तंबूत बघितलेला असेल, तर नातवंडांना सांगेल तरी की पुढं काय होणार आहे. आणि नातवंडांना कळेल की घरातल्या तसबिरीतला माणूस चिकोडीचा एक नट होता. लोक ज्याला हसण्याची भीती होती, त्यालाच गावोगाव नमस्कार झाला.

पालखी गावात यायच्या आधी एखादी संध्याकाळ यासाठी ठेवायला हरकत नाही. भजनी मंडळांनी आणि तरुण मंडळांनी मिळून मनावर घ्यावं.