रावबहादुरांचा ठराव

विधिमंडळाचा ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांत किती अंतर असते, हे आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना कुणी शिकवायला नको. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी संमत केला. पाठोपाठ दलितांची घरे जाळली गेली आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. बीडमध्ये बसून हा इतिहास चाळताना मला हटकून आठवतात ते रावबहादूर सीताराम केशव बोले.

बोले मुंबईचे, भंडारी समाजातले. कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हाच्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोल्यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. पण ठराव म्हणजे शिफारस. मोडणाऱ्याला शिक्षा नाही. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे कागदावर लिहिले, प्रत्यक्षात अस्पृश्यांची घागर काही तिथे बुडाली नाही. (आमचा बीड जिल्हा तर तेव्हा निजामाच्या राज्यात, मुंबईचा ठराव इथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता.)

दुसरा कुणी असता तर अभिनंदनाचे हार घेऊन घरी बसला असता. बोले ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा उभे राहिले : जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड ठराव पाळणार नाही, तिचे सरकारी अनुदान बंद करा. हीसुद्धा शिफारसच, पण नेमकी दुखऱ्या जागी बोट ठेवणारी. त्याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून ते प्रबोधनकार ठाकरे आणि आंबेडकरांच्या बरोबरीने उभे होते.

२० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले ते या ठरावाच्याच आधारावर. त्यांनी पाणी प्यायले. मग त्यांच्या माणसांना मारहाण झाली. ४ ऑगस्टला, म्हणजे बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मार्च १९३७ मध्ये हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

प्रभादेवी-दादर भागात बोल्यांच्या नावाचा रस्ता आहे. आमच्याकडून सिद्धिविनायकाला जाणारी मंडळी बऱ्याचदा त्यावरूनच जातात.